हातात तोलायची वीज

सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअरच्या वरच्या मजल्यांवर एके काळी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नसे. दोन हातांत दोन डबे घ्यायचं, जरा खालीवर करून बघायचं आणि जड लागेल तो काउंटरवर ठेवायचा. दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटत नसे. लेबलावर 300 वॉट लिहिलेलं असो की 400, त्या छापील आकड्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. भरवसा होता तो आतल्या तांब्यावर आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हीच रीत होती. त्यामुळे नव्वदच्या दशकात पिंपरीतली नोकरी सोडून मी सिंगापूरला आले, तेव्हा निदान या एका बाबतीत मला परकं वाटलं नाही.

माझं कामही याच डब्यांचं. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी टेस्टिंगला होते. तिथे एकाच लाइनवरून उतरलेल्या मालावर तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांची लेबलं लागायची. बर्न-इनच्या खोलीत तापमान मुद्दाम चढं ठेवलेलं असायचं आणि रॅकवर ओळीने लावलेले पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर तासन्‌तास चालत असायचे. ज्याला मरायचंय त्याने इथेच मरावं, गिऱ्हाइकाच्या घरी नको, हा त्यामागचा हिशेब. त्या खोलीत पक्कं कळलं की वीज देणं हे या यंत्राचं सोपं काम आहे. अवघड काम आहे ते देताना होणारी उष्णता बाहेर टाकण्याचं. डबा लहान करायला निघालं की सगळं भांडण तिथेच सुरू होतं.

वजनाची ही कसोटी आली कुठून, हे जरा मागे जाऊन सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या लिनिअर पॉवर सप्लायमध्ये भिंतीतली 50 हर्ट्‌झची वीज थेट लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला दिली जायची आणि जास्तीचा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात जाळून टाकला जायचा. जितके वॉट जास्त, तितकं लोखंड जास्त. एसएमपीएसने ही पद्धतच बदलली. आधी विजेचं डीसी करायचं, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडायचे. एवढ्या वेगाने तुकडे पडले की मुठीत मावेल असा फेराइटचा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. टेक्ट्रॉनिक्सचे ऑसिलोस्कोप आणि काही मोठी यंत्रं यांत हे तंत्र आधीपासून होतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये ते गाजलं 1977 च्या ॲपल टू मुळे. स्टीव्ह जॉब्जला पंखा नको होता, म्हणून रॉड होल्टने सुमारे 40 वॉटांचा, पंख्याविना चालणारा सप्लाय तयार केला. सगळं जग होल्टचीच नक्कल करतं, असं जॉब्ज पुढे सांगत असे. ते मला पटत नाही. जलद चालणारे, जास्त व्होल्टेज सोसणारे ट्रान्झिस्टर तेव्हा स्वस्त झाले होते; होल्ट नसता तर आणखी कोणीतरी ते केलंच असतं. शिवाय ॲपलचे ते सप्लाय प्रत्यक्षात बनवत होती हाँगकाँगची ॲस्टेक कंपनी, आणि तिचं नाव कोणाच्या तोंडी नसतं. पॉवर सप्लायवाल्यांचं नशीबच तसं.

सिंगापूर या गोष्टीत येतं ते 1981 मध्ये. ॲपलने आंग मो किओत कारखाना काढला आणि ॲपल टू चे सर्किट बोर्ड तिथे तयार होऊ लागले. पुढच्याच वर्षी सीगेट आली. आणि ऐंशीचं दशक सरेपर्यंत जगात सर्वांत जास्त हार्ड डिस्क या चिमुकल्या बेटावर बनत होत्या. डिस्क आणि पॉवर सप्लाय यांचं नातं वरवर दिसत नाही, पण ते घट्ट आहे. आयबीएमच्या 1981 च्या पीसीला 63.5 वॉटांचा सप्लाय पुरला. 1983 च्या एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवली आणि सप्लाय एकदम 130 वॉटांचा करावा लागला. कारण डिस्कची तबकडी स्थिर अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा ती 12 व्होल्टच्या लाइनवर मोठा घोट घेते. एटीमध्ये तर 192 वॉट आले. म्हणजे या बेटाने जगाला डिस्क पुरवल्या आणि त्या डिस्कांपायी जगाचे पॉवर सप्लाय फुगत गेले.

या मालाचा बाजार भरला तो रोचॉर परिसरात. त्या भागाचं विजेशी नातं तसं जुनं. ट्राम चालवण्यासाठी मॅकेन्झी रोडवर वीजघर उभं राहिलं ते 1905 च्या सुमारास, आणि 1906 मध्ये शहरातल्या काही रस्त्यांवर पहिले विजेचे दिवे लागले ते त्या ट्राम कंपनीकडून घेतलेल्या विजेवर. तिथून चालत गेलं की काही मिनिटांत रोचॉर कालवा लागतो आणि कालव्याकाठी सुंगेई रोड. सुंगेई रोडचा जुना बाजार म्हणजे मुंबईच्या चोरबाजाराचा मलायी भाऊ. ब्रिटिश सैन्य निघून गेलं तेव्हा त्याच्या भंगारातले रेडिओ आणि मीटर इथे विकायला आले, असं मला तिथल्या एका म्हाताऱ्या अंकलने सांगितलं होतं. मी आले तेव्हा रेडिओची जागा फाटक्या कीबोर्डांनी आणि झाकण उघडलेल्या एसएमपीएसांनी घेतलेली होती. 10 जुलै 2017 ला तो बाजार कायमचा उठला.

समोरच सिम लिम टॉवर. ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर, क्रोकोडाइल क्लिप, सगळं सुटं सामान तिथे. आणि रस्ता ओलांडला की 1987 चा सिम लिम स्क्वेअर. खालच्या मजल्यांवर कॅमेरे आणि फोन विकणारे, पर्यटकांना गाठणारे. त्यांची कीर्ती कशी होती ते 2014 मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. आयफोनचे पैसे परत मिळावेत म्हणून एक व्हिएतनामी पर्यटक दुकानात गुडघे टेकून रडत असल्याचा व्हिडिओ तेव्हा घरोघर गेला. पण सरकत्या जिन्याने वर गेलं की हवा बदलायची. वर कॉम्प्युटरचं सुटं सामान, ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या किमतींच्या याद्या आणि घासाघीस न करणारे दुकानदार. यादीतला भाव तोच खरा भाव. टेक्का मार्केटमधून कढीपत्ता आणि ओला नारळ घ्यायचा, तसंच पुढे सिम लिमला जाऊन एक याद्यांचा गठ्ठा आणायचा, हा आम्हा काही मराठी कुटुंबांचा शनिवारचा ठरलेला फेरा होता. मंडळाच्या गणपतीत भेटलेली माणसंही प्रसाद हातात घेऊन रॅमच्या भावाबद्दल बोलायची.

त्या काळच्या डब्यांच्या पाठीवर लाल स्विच असे: 115 आणि 230. अमेरिकेहून आलेला माल 115 वर लावलेला यायचा. सिंगापुरात वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. 115 वर ठेवलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, आणि त्यात 230 घातलं की 200 व्होल्टचे कपॅसिटर दिवाळी साजरी करतात. पुढे 2001 पासून युरोपने विजेच्या लहरी स्वच्छ ठेवण्याचा नियम लावला, त्यासाठी ॲक्टिव्ह पीएफसीचं सर्किट रूढ होत गेलं, आणि त्याच्याबरोबर 100 ते 240 व्होल्ट आपोआप सांभाळणारे सप्लाय आले. लाल स्विच गेला. मात्र त्या सर्किटलाही डब्यात जागा लागतेच, आणि आपल्या गोष्टीत जागेचीच टंचाई आहे.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्सचं माप ठरवलं. सप्लाय 150 मिलिमीटर रुंद, 86 उंच, 140 खोल. 1997 मध्ये छोट्या घरगुती मशीनसाठी एसएफएक्स आलं: 125 बाय 63.5 बाय 100. गुणाकार केला तर एटीएक्सचा डबा 1.8 लिटरचा, आणि एसएफएक्स जेमतेम 0.8 लिटरचा. लहान कॉम्प्युटरचे शौकीन सगळं लिटरमध्येच मोजतात. सुरुवातीला एसएफएक्स ही गरिबाची चूल होती. स्वस्त, कमी वॉटांची, ऑफिसातल्या मशीनमधली. 2001 मध्ये व्हीआयएने 17 सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, त्याच वर्षी शटलने बुटाच्या खोक्याएवढे कॉम्प्युटर आणले, आणि लहान मशीनही दमदार असू शकतं अशी लोकांना चटक लागली. सिल्व्हरस्टोनने या मापात चांगल्या प्रतीचे सप्लाय काढले. 2014 मध्ये तिने डबा 30 मिलिमीटर लांब करून मोठा, शांत पंखा बसवला आणि त्याला एसएफएक्स-एल म्हटलं. 2016 मध्ये कॉर्सेअरची एसएफ मालिका आली, तिचे डबे चीनची ग्रेट वॉल कंपनी बनवत होती. लेबल एकाचं, लाइन दुसऱ्याची. आमच्या कारखान्यात होतं तसंच. आज त्या 0.8 लिटरमध्ये 1000 वॉटही मिळतात.

आणि इथे हाताची कसोटी संपली. आतल्या वीजतोडणीचा वेग वाढला, कार्यक्षमता नव्वद टक्क्यांपलीकडे गेली, तसे हीटसिंक बारीक झाले आणि ट्रान्सफॉर्मर आक्रसले. चांगला डबा हलका असू शकतो. उलट जडपणाची नक्कल करणं सोपं होतं: मी उघडलेल्या एका स्वस्त, निनावी सप्लायमध्ये तळाला लोखंडाची एक पट्टी चिकटवलेली होती. विजेशी तिचा काही संबंध नव्हता.

मग तोलायचं काय? गेल्या वर्षी माझा भाचा इथे विद्यापीठात शिकायला आला. त्याला दहा लिटरच्या आतला कॉम्प्युटर बांधायचा होता. होस्टेलच्या टेबलावर मावेल आणि सुटीत पाठपिशवीतून नाशिकला नेता येईल असा. "मावशी, 600 घेऊ की 750?" एवढाच त्याचा प्रश्न. मी त्याला उलट विचारलं, "किती तापमानाला 600?" तो माझ्याकडे बघतच राहिला. काही सप्लाय 40 अंशांना पूर्ण वॉट देतात, काही 50 अंशांना. दोन्हींच्या खोक्यावर 600च लिहिलेलं असतं. थंड देशात बसून हा फरक कोणी विचारत नाही. सिंगापुरात दुपारचा पारा बाराही महिने 31-32 च्या आसपास. होस्टेलच्या खोलीत बहुधा एसी नाही. त्या चिमुकल्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या सप्लायला जी हवा मिळते ती सहज 45 अंशांची असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांनी साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला पाढा. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर मदरबोर्डांवरचे खराब कपॅसिटर फुगून फुटले, तेव्हा तो पाढा आम्ही फार महागात पाठ केला.

हिशेब आम्ही कागदावर मांडला. 65 वॉटांचा म्हणून विकला जाणारा त्याचा प्रोसेसर दाबून चालवला की 88 वॉट घेतो. कार्ड 200 वॉटांचं. बाकी सगळं मिळून 50 धरले. बेरीज साडेतीनशेच्या आत. मग 600 सुद्धा उधळपट्टी वाटते. पण आजची कार्डं सरासरीवर चालत नाहीत. क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरती, दुप्पट ओढतात. हार्ड डिस्कचा तो जुना घोट आता ग्राफिक्स कार्ड घेतं, इतकंच. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 मध्ये इंटेलने लिहून टाकलं की मोठ्या सप्लायने 100 मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. शिवाय निम्म्या लोडवर चालणाऱ्या सप्लायचा पंखा जवळजवळ बंदच असतो, आणि रात्री अभ्यास करणाऱ्याला त्याचं मोल कळतं. पुतण्या असता तर वाद घातला असता. भाच्याने निमूटपणे 750 लिहिलं.

एसएफएक्स-एलचा मोठा पंखा त्याच्या मनात भरला होता. मी पट्टी घेऊन दाखवलं: ते जास्तीचे 30 मिलिमीटर म्हणजे नेमकी केबल वळवायची जागा. अशा कॅबिनेटमध्ये कोंडी वॉटांनी होत नाही, 24 पिनांच्या केबलच्या जाड जुडग्याने होते. सप्लाय बाहेरच ठेवायचा, लॅपटॉपसारखी वीट आणि आत फक्त बोटाएवढी पिको-पीएसयूची पट्टी, हा तिसरा मार्गही होता. पण 200 वॉटांचं कार्ड त्यावर टिकणार नाही. तो मार्ग माझ्यासारखीला ठीक. माझं मशीन तसंच चालतं, टीव्हीच्या मागे.

खरेदीला आम्ही सिम लिमलाच गेलो. हल्ली रोचॉर मेट्रो स्टेशनातून वर आलं की समोर तीच इमारत. ऑनलाइन दुकानांनी वरचे मजले ओसाड केलेत. 2019 मध्ये सगळी इमारत मिळून विकायला काढली होती, 1.25 अब्ज सिंगापूर डॉलरला. कोणी घेतली नाही. पाचव्या मजल्यावरच्या दुकानदाराने कपाटातून एसएफएक्सचं खोकं काढलं. माझा हात सवयीने पुढे गेला, तर तो हसला. "आंटी, दिस वन नो नीड टू कॅरी. लाइट, बट गुड." मग खोक्यावरचं 50 अंश त्यानेच बोटाने दाखवलं. इथे वीस वर्षांपूर्वी तो आकडा कोणी वाचत नसे.

पैसे नेट्सच्या कार्डाने दिले. वॉरंटी सात वर्षांची, स्थानिक वितरकाचं स्टिकर खोक्यावर चिकटवलेलं. भाच्याने विचारलं, काही झालं तर इथेच आणायचं ना? दुकानदाराने बिल स्टिकरशेजारी स्टेपल केलं आणि त्यावरचा वितरकाचा पत्ता दाखवत म्हणाला, तिकडे न्या. माझा भाडेकरार दोन वर्षांचाच आहे.