शेतकऱ्यातला अर्धा र

गोरेगाव शोधायला गेलं की आधी मुंबईचं उपनगर पुढे येतं, म्हणून हिंगोली आणि सेनगाव ही नावं जोडावी लागतात. नोव्हेंबर २०२३मध्ये सेनगाव तालुक्यातल्या या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी अवयव विकायची तयारी दाखवली होती. त्या प्रकरणाचं पुढे काय झालं हे पाहायला मी निरनिराळ्या संकेतस्थळांवरचा मजकूर एका जागी जमवला आणि त्यात ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द शोधला. बराच मजकूर हाती लागलाच नाही. त्या बातमीपुढे एका अक्षराची चिंता शोभत नाही हे खरं, पण बातमी सापडायलाही अक्षरच लागतं.

डोळ्यांना शब्द तोच दिसत होता, आतले संकेतांक वेगळे होते. काही ठिकाणी तो ऱ, हलन्त आणि य असा बांधलेला, तर काही ठिकाणी साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह आणि शेवटी य.

हा चंद्रकोरीसारखा अर्धा र शाळेत सगळ्यांनी गिरवलेला असतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. खिळे ओतणाऱ्यांनी त्याचा वेगळा खिळा पाडला आणि प्रश्न मिटवला. संगणकाने तो पुन्हा उकरून काढला.

कारण यातला ऱ मराठीचा नाहीच! तमिळच्या ற आणि मल्याळमच्या റ या अक्षरांना देवनागरीत जोडीदार हवा म्हणून तो घेतलेला आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा एकच सांकेतिक तक्ता होता, भारतीय मानक १३१९४, साल १९९१. लिपी बदलली तरी अंक तोच राहावा, ही त्यामागची कल्पना. त्या तक्त्यात हे अक्षर ‘हार्ड रा’ म्हणून नोंदलं आहे आणि पुढे कंसात दक्षिणी लिप्यांचा उल्लेख आहे. त्याच अक्षराचं अर्धं रूप मराठीच्या अर्ध्या र ला देऊन टाकलं गेलं. या रूपात आपण ‘दुसऱ्या’ लिहितो तेव्हा दरवेळी द्राविडी अक्षर मोडून वापरतो.

ते असं का केलं? एक उत्तर उच्चाराचं: दोन्ही नेहमीच्या र पेक्षा वेगळे. मला ते उलटं वाटतं. दक्षिणेकडचा र कठोर मानतात, तर मराठीतला हा र इतका हलका की मागच्या अक्षरावर आघातसुद्धा येऊ देत नाही. सर्वांत हळुवार र ला ‘हार्ड’ नाव, ही गंमतच. माझा तर्क साधा आहे: जागा रिकामी होती. मराठी मजकुरात पूर्ण ऱ लागत नाही, मग त्याचं अर्धं रूप तरी कोण मागणार? शिवाय इन्स्क्रिप्ट कळफलकावर र आणि ऱ एकाच कळीवर आहेत, ‘जे’च्या. शिफ्ट दाबली की ऱ. टंकलेखकाचं बोट र कडेच जातं. तक्ता करणाऱ्यांना ही सोय दिसली नसेल, हे मला पटत नाही.

१९९१मध्ये जगभरच्या लिप्यांना अंक देणाऱ्या युनिकोडने इस्कीचाच, १९८८च्या आवृत्तीचा, आराखडा उचलला. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र अर्ध्या र साठी अदृश्य चिन्हाची वाट होती. पुढे इस्कीशी जुळवून घेत ऱ ची वाट मान्य झाली आणि जुनीही सुसंगतीसाठी ठेवली. घोळ तिथेच कायम झाला.

वेबपानांच्या खुणांचे, म्हणजे एचटीएमएलचे, नियम पाळा म्हणजे वेब सुधारेल असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फाँटचं नाव खुणेत घालून आत भलतीच अक्षरं भरलेली मराठी पानं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना नियमांची किंमत कळते. पण पानाच्या खुणा तपासणारी यंत्रणा वरची दोन्ही रूपं बिनतक्रार पास करते. युनिकोडचं प्रमाणीकरणही र अधिक नुक्ता आणि ऱ यांना एक मानतं (हो, कागदोपत्री ऱ म्हणजे नुक्तावाला र!), पण अदृश्य चिन्हवाल्याला त्यांच्यात घेत नाही. काही शोधयंत्रं दोन्ही जुळवून घेतात. एकेक अंक पडताळणारा साधा शोध ते करणार नाही.

अदृश्य चिन्हाच्या बाजूने एक मुद्दा बळकट आहे: शब्द र चाच आहे, मग परकं अक्षर कशाला? नेपाळीतही ‘गर्‍यो’ असं लिहायची वहिवाट आहे. तरी मी ऱ च्या बाजूचा. ‘.भारत’सारख्या, इंटरनेट पत्त्याच्या शेवटच्या भागात ते अदृश्य चिन्ह चालतच नाही. आणि मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्या ते पुसून टाकतात, तेव्हा शेतकर्‍यांचे शेतकर्यां होतात, य च्या डोक्यावर रफार चढतो.

‘शेतकर्यां’ दुरुस्त करता येतो, कारण तसा शब्दच नाही. पण ‘आचार्यांचं मानधन थकलं’ असं वाक्य आलं, तर थकलेलं मानधन विद्वानांचं की स्वयंपाक करणाऱ्यांचं, हे त्या पुसलेल्या मजकुरातून कुणालाच काढता येणार नाही.