खुळखुळ्याचे विष आणि कुळाचा शोध

१९७०च्या दशकाच्या मध्यास तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात पोटात पाणी साठून माणसे दगावू लागली. यकृतातील सूक्ष्म शिरा बुजत होत्या. तपासाअंती दोष आढळला तो गोंडली या भरडधान्यात मिसळलेल्या रानबियांत. त्या बिया क्रोटालारिया प्रजातीच्या, म्हणजे आपल्या खुळखुळ्याच्या भाईबंदांच्या होत्या. १९७६ मध्ये 'लॅन्सेट'ने हा वृत्तान्त छापला.

याच विषाने शिंबावंत वनस्पतींच्या वर्गीकरणातील एक जुना प्रश्न सोडविण्यास हातभार लावला आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथम यांनी नळीसारखे जुळलेले पुंकेसर पाहून खुळखुळा, ल्युपिन आणि युरोपातील ब्रूम यांना एकाच मोठ्या गटात बसविले. फुलांचे साम्य खरे होते. पण नाते किती जवळचे, हे त्यावरून ठरेना.

उत्तराचा एक धागा रसायनशास्त्राने दिला. हिरवळीच्या खतासाठी अमेरिकेत नेलेल्या, मूळच्या भारतीय क्रोटालारिया स्पेक्टाबिलिसने तेथील जनावरांना विषबाधा केली; १९३५ मध्ये तिच्यातून मोनोक्रोटालीन वेगळे काढण्यात आले. ते पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइड. ब्रूम व ल्युपिन यांच्यात मात्र प्राधान्याने क्विनोलिझिडीन वर्ग आढळतो. १९७६ मध्येच लंडनजवळील क्यू उद्यानाचे रॉजर पोलहिल यांनी बेंथम यांच्या गटाची फेरमांडणी करून खुळखुळ्याचा गट निराळा केला. हा रासायनिक भेद त्या मांडणीशी जुळणारा होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत बेन-एरिक व्हान वायक यांनी त्या गटातील प्रजातींची नाती तपासताना अल्कलॉइडांचाच आधार घेतला: लेबेकियात क्विनोलिझिडीने, तर क्रोटालारियात मुख्यत्वे पायरोलिझिडीने.

तरीही रसायन हा एकमेव साक्षीदार नव्हे. पायरोलिझिडीने सूर्यफुलाच्या कुळातील सेनेसिओतही सापडतात, आणि त्याचे शेंगांच्या कुळाशी जवळचे नाते नाही. ती घडविण्याची क्षमता वनस्पतिसृष्टीत अनेकदा स्वतंत्रपणे उपजली आहे. म्हणूनच १९९०च्या दशकापासून डीएनएची साक्ष जोडली गेली. तिने खुळखुळा, ल्युपिन आणि ब्रूम एकाच व्यापक शाखेत ठेवले, पण त्या शाखेच्या निरनिराळ्या फांद्यांवर. बेंथम यांची नजर सर्वस्वी चुकली नव्हती.

शेतात हिरवळीसाठी पेरला जाणारा ताग हाही क्रोटालारियाच. एकाच प्रजातीत खत आणि विष शेजारी नांदतात. सरगुजाच्या धान्यात मिसळलेल्या बियांचे कूळ ओळखणे हा म्हणूनच केवळ संग्रहालयातील चिठ्ठीचा प्रश्न नव्हता, तो जीवनमरणाचा होता.