जोर लावू नका, आधी वर बघा

मुंबई बंदरात शिडाची नाव हाकणाऱ्यांना दुपारचा वारा ठाऊक असतो. सकाळी पाणी शांत असते, दुपारी मात्र वारा अंगावर येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आमच्या नावेचे पुढचे शीड, म्हणजे जिब, गुंडाळता येईना. दोर ओढला की गुंडाळी अर्धे वळण फिरे आणि अडे. मी दोर विंचवर घालून पिळायला निघालो, तोच सुकाणूवरचे नाखवा ओरडले, "ओ साहेब, जोर नका लावू. आधी वर बघा!"

वर पाहिले, तर शीड चढवण्याच्या दोराने टोकाजवळ पुढच्या तारेला विळखा घातला होता. आणखी पिळले असते, तर तार तुटली असती. डोलकाठी तिच्याच आधाराने उभी असते.

या गुंडाळीची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. पूर्वी जिब उतरवायचे तर कुणाला तरी नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकावर जावे लागे. लाटा अंगावर, एक हात शिडाला आणि एक जिवाला! १९०७ साली इंग्लंडच्या मेजर विकम-मार्टिन यांनी एका साधनाचे पेटंट घेतले. खाली दोराचे रीळ, वर फिरकी. मागे बसून दोर ओढला की शीड आपल्याच कडेच्या तारेभोवती गुंडाळले जाई. मात्र ते एकतर पूर्ण उघडे, नाहीतर पूर्ण बंद. मध्येच लहान करून चालवता येत नसे.

त्यामुळे नाळेवरची फेरी सर्वांचीच टळली नाही. मुंबईत बांधलेल्या ३२ फुटी 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, एकट्याने आणि कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढचे शीड बदलायला त्यांना दर वेळी पुढेच जावे लागे.

पुढे तारेवर अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी आली. शीड तिच्याभोवती घट्ट बसू लागले आणि अर्धे गुंडाळूनही चालू लागले. नाळेवरचा धोका कमी झाला. पण दोष जाऊन बसला डोलकाठीच्या टोकाशी, जिथे हात पोहोचत नाही. चढवण्याचा दोर तारेला जवळजवळ समांतर राहिला, की फिरकीबरोबर तोही फिरतो आणि विळखा बसतो. म्हणून तो तारेपासून थोडा मागे, तिरका जायला हवा. शीड आखूड असेल तर वर दोराचा तुकडा जोडून फिरकी उंच न्यावी.

दुसरा दोष खाली, रिळात. शीड भर्रकन उघडले की दोराची वेटोळी सैल पडतात आणि एकमेकांत रुततात. उघडताना दोर हातात किंचित ताणून धरावा. तिसरा दोष मिठाचा. बेअरिंग गोड्या पाण्याने धुवावे.

त्या दिवशी आम्ही शीड पुन्हा पूर्ण उघडले, तसा विळखा सुटला. नाखवांनी नाव वाऱ्याच्या तोंडाला आणली, दोर सोडला आणि शीड आवरायला मी नाळेवर गेलो. लाटा अंगावर, एक हात शिडाला आणि एक जिवाला! मेजरसाहेबांनी ते साधन कशासाठी केले, हे मला तेव्हा नीट कळले.