बँक, बाजार आणि कोलंबसचा दशांश

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सहलीला नेण्यात एक धोका असतो. इतर लोक समुद्र पाहतात, चर्चं पाहतात. हा आधी काउंटर कुठे आहे ते पाहतो. इटलीतल्या जिनोआ बंदरात आम्हांला एक अख्खा दिवस मोकळा मिळाला, तेव्हा सौ.नं बाजाराचं नाव काढलं आणि मी बँकेचं. सुदैवानं या गावाच्या इतिहासात दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसतात.

बंदराशेजारीच पालाझ्झो सान जॉर्जो नावाचा वाडा आहे. बांधला १२६० साली. आज तिथे बंदराची कचेरी आहे. मार्को पोलो १२९८ च्या सुमारास जिनोआच्या कैदेत होता, तो याच वाड्यात, असं सांगतात. तिथे त्यानं एका सहकैद्याला आपल्या प्रवासाच्या हकिकती ऐकवल्या आणि त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ झाला. हे पटण्यासारखं आहे. परदेश पाहून आलेल्या माणसाचं प्रवासवर्णन मन लावून ऐकायचं, तर श्रोता तुरुंगातच असावा लागतो.

पण माझे हात जोडले गेले ते बँकेसाठी. ‘कासा दी सान जॉर्जो’ ही संस्था १४०७ साली निघाली आणि १८०५ साली, नेपोलियनच्या अमदानीत, बंद झाली. जवळजवळ चारशे वर्षं! तिचा जन्म मोठा मौजेचा आहे. जिनोआच्या सरकारनं लढायांपायी नागरिकांकडून भरमसाट कर्ज काढलं. फेडायला पैसे नाहीत. तेव्हा सरकार सावकारांना म्हणालं, बाबांनो, मिठावरचा, दारूवरचा, बंदरातल्या मालावरचा कर तुम्हीच वसूल करा आणि त्यातून आपलं व्याज घ्या. म्हणजे कर्जदारानं सावकाराला घराची किल्ली दिली आणि आपण ओसरीवर जाऊन बसला. पुढे १४५३ साली कॉर्सिका बेटाचा कारभारही बँकेकडे आला. आमच्याकडे बुडीत कर्जापोटी फार तर एखादा ट्रॅक्टर हाती लागतो, आणि तो सुरू होत नाही. यांच्या ताब्यात अख्खं बेट! तिथे बदली झालेल्या कारकुनाला काय वाटलं असेल, या विचारात मी बराच वेळ उभा होतो.

उभं राहण्यावरून आठवलं. वाड्यात देणगीदारांचे संगमरवरी पुतळे आहेत. ज्यानं भरपूर दिलं तो बसलेला, ज्यानं कमी दिलं तो उभा. शतकानुशतकं बिचारा उभाच. आमच्याकडेही मोठ्या ठेवीदाराला केबिनमध्ये खुर्ची मिळते आणि पेन्शनवाले आजोबा रांगेत उभे असतात. फक्त आम्ही ते दगडात कोरत नाही.

कॉमर्सच्या पोरांना शिकवतात की दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात आणली ती लुका पाचोलीनं, व्हेनिसला, १४९४ साली. पण जिनोआच्या सरकारी खातेवह्या १३४० सालच्या आहेत आणि त्यांत जमा-नावे समोरासमोर मांडलेलं आहे. त्या वहीत एक खातं आहे चक्क मिऱ्यांचं. मिरी म्हणजे आपल्या मलबारची. सरकारनं ती खरेदी केली आणि घेतली त्याहून कमी भावात विकली. तोटा व्यवस्थित नोंदवलेला आहे. आता उधारीनं घेऊन रोखीनं तोट्यात विकणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला रोकड हवी असते. हे सांगायला इतिहासकार लागत नाही, कर्जखात्यात तीन वर्षं काढलेला माणूस पुरे.

तिथून आम्ही मेर्कातो ओरिएंताले या मंडईत गेलो. ‘ओरिएंताले’ म्हणजे पौर्वात्य खरं, पण हे नाव शहराच्या पूर्वभागावरून पडलं. १८९९ साली एका मठाच्या आवारात ही मंडई भरू लागली. टोमॅटो, ऑलिव्ह, सुकवलेला कॉड मासा (हा वाळून असा कडक की बोंबलानं त्याला मामा म्हणावं), आणि बेसिलच्या जुड्या. बेसिल ही आपल्या तुळशीची चुलतबहीण. तिची पानं संगमरवरी खलात लसूण, चीज, पाइनच्या बिया आणि ऑलिव्ह तेल घालून कुटतात. तो त्यांचा पेस्टो. सौ.नं जुडीचा वास घेतला आणि हळूच म्हणाली, “अहो, हे लोक वृंदावनाचीच चटणी करतात की!”

तिचं खरं समाधान झालं ते फरिनाताच्या दुकानात. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि तेल एवढंच. मोठ्या थोरल्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपल्या धिरड्याचा हा इटालियन साडू. १२८४ साली पिसाला हरवून परतताना वादळात पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, त्यात समुद्राचं पाणी मिसळलं, आणि हा पदार्थ जन्मला अशी आख्यायिका आहे. पिंपं फुटल्याशिवाय बेसन कालवायचं सुचू नये, हे सौ.ला काही पटलं नाही.

गरिबाचं हे खाणं. आणि त्यातल्या चिमूटभर मिठावरही कर होता, तो जात होता बँकेच्या भागीदारांचं व्याज भरायला. ही गोष्ट सलत होती ती गावच्याच एका मुलाला, कोलंबसला. २ एप्रिल १५०२ रोजी, चौथ्या सफरीवर निघण्याआधी, त्यानं सेव्हिलहून सान जॉर्जो बँकेला पत्र लिहिलं : माझ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी तुम्हांला मिळेल, मुलाला तसं सांगून ठेवलं आहे, त्यातून धान्य, दारू आणि इतर खाण्याच्या जिनसांवरचा कर कमी करा. जग पालथं घातलेल्या माणसाला शेवटी गावातल्या पावाचा भाव आठवला! अडचण एवढीच, की त्याचा स्वतःचा वाटा स्पेनच्या दरबारात अडकला होता आणि १५०६ साली मरेपर्यंत तो त्यासाठी भांडत होता. न वटलेल्या चेकवर काढलेला चेकच म्हणायचा.

बँकेनं डिसेंबर १५०२ मध्ये मोठं गौरवाचं उत्तर लिहिलं. त्या वेळी खातेदार पनामाच्या किनाऱ्याजवळ वादळात गटांगळ्या खात होता. उत्तर त्याला मिळालंच नाही. १५०४ च्या डिसेंबरात, थकून परत आल्यावर, तो एका स्नेह्याला लिहितो की मी एवढं देऊ केलं आणि बँकेनं साधं उत्तरसुद्धा पाठवलं नाही. आमच्या शाखेची तक्रारपेटी दर शनिवारी मीच उघडतो. मजकूर अगदी हाच असतो, फक्त पत्ता सेव्हिलचा नसतो.