साबणाची शेपटी

अंधेरी पूर्वेला, चकाल्यात, हिंदुस्थान लिव्हरचं संशोधन केंद्र १९६७ साली उघडलं. शिवडीच्या कारखान्यात १९३४ पासून साबण होतच होता, मग प्रयोगशाळा कशाला? हिशेबवाले म्हणतील, परकीय चलनासाठी. चरबी आयात करणं परवडेना, खाद्यतेलं ताटातून काढून घेणं बरं दिसेना, म्हणून साल, एरंडी, कडुनिंब, तांदळाचा कोंडा यांच्या तेलांकडे वळणं आलं. हे खरंच आहे. पण टंचाईनं फक्त प्रश्न घातला. कुठलं तेल कुठे चालेल, हे ठरवलं रेणूच्या आकारानं.

साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढतं, शेपटी पाणी टाळते. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची शेपटी १२ कार्बनची, आखूड. ती नव्या बुडबुड्याच्या पृष्ठभागावर पटकन पोचते, म्हणून फेस लगेच. बुडबुड्याची भिंत कुठे पातळ झालीच, तर शेजारचे रेणू पृष्ठभागावरून तिकडे सरकतात, जाताना पाण्याचा थरही ओढून नेतात आणि भिंत सावरते. चरबीतल्या स्टिअरिकची शेपटी १८ कार्बनची, सरळसोट. वडी कडक ठेवते, पण थंड पाण्यात जेमतेम विरघळते. ओलेइकचे कार्बनही १८च, मात्र मधोमध दुहेरी बंधापाशी बाक. बाकामुळे रेणू खेटून बसत नाहीत. म्हणून स्टिअरिक ६९ अंशांच्या आसपास वितळतं, तर ओलेइक १३-१४ अंशांनाच, म्हणजे अंधेरीच्या जानेवारीतही ते तेलच. एरंडेलाची तऱ्हा याहून न्यारी. त्याच्या शेपटीवर बाराव्या कार्बनपाशी हायड्रॉक्सिलचा जादा गट असतो; त्यालाही पाणी हवं, म्हणून शेपटी पाण्यावर उभी राहायची ती आडवी होते आणि जागा अडवते. नुसत्या एरंडेलाचा साबण फेसाला तोकडाच.

रेणूचं नाव न ऐकता आपल्या आज्या रिठ्यानं केस धूत होत्या, तेव्हा हे शास्त्र मागाहून चिकटवलेलं, असा आक्षेप येईल. रिठ्याचा रेणू मोठा, अवजड. तो पृष्ठभागावर सावकाश पोचतो, पण पोचल्यावर ताठ पापुद्रा धरतो, त्यामुळे फेस टिकतो. हे गणित झाडानंच करून ठेवलेलं, आज्यांना निवड करावी लागली नाही. ज्याला दर हंगामात वेगळं तेल मिळतं आणि वडी मात्र तीच द्यायची असते, त्याचं तसं नाही. हायड्रोजन चढवून बाक सरळ करता येतो, वनस्पती तुपात तेच करतात. पण सगळेच बाक काढले तर वडी दगडासारखी होते आणि फेस आटतो. मग थोडं खोबरेल परत घालावंच लागतं.