मराठवाड्यातील विज्ञानशिक्षण : बल व गतीच्या स्वतंत्र दिशा

प्रस्तावना :
निजाम राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षणावर उर्दूचा प्रभाव होता. १९१८ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हेच अध्यापनाचे माध्यम स्वीकारले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५८ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. माध्यम बदलले, ‘कुव्वत’ऐवजी ‘बल’ ही संज्ञा रूढ झाली. तथापि संज्ञा बदलल्याने संकल्पना रुजतेच असे नाही.

संकल्पनेचा इतिहास :
गती टिकण्यासाठी बल सतत लागते, हे ॲरिस्टॉटलचे मत बैलगाडीच्या नित्य अनुभवाशी जुळते. म्हणूनच ते दीर्घकाळ टिकले. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूच्या गतीचे दोन घटक केले : आडवी एकसमान गती व उभी त्वरणयुक्त गती. गुरुत्वबल केवळ खालच्या दिशेने कार्य करते. त्यामुळे हवेचा विरोध वगळल्यास आडवा वेग बदलत नाही आणि एका दिशेची गती दुसरीत बाधा आणत नाही.

अध्यापनातील उपयोजन :
अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे परळी–विकाराबाद लोहमार्गावरील स्थानक होय. येथील विद्यार्थ्यास आगगाडीचे उदाहरण परिचयाचे आहे. ताशी ५४ किलोमीटर या एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या डब्यात १.२५ मीटर उंचीवरून चेंडू सोडल्यास तो सुमारे अर्ध्या सेकंदात खाली पोहोचतो. तेवढ्यात गाडी ७.५ मीटर पुढे गेलेली असते. चेंडू मागे पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तो सोडणाऱ्याच्या पायाशीच पडतो, कारण गाडीचा आडवा वेग त्याच्याकडेही असतो. फलाटावरील निरीक्षकास मात्र त्याच चेंडूचा मार्ग वक्र दिसतो. वर्गातही हे तपासता येते : टेबलाच्या कडेवरून एक नाणे सरळ खाली सोडावे व त्याच क्षणी दुसरे आडवे उडवावे. दोन्ही नाण्यांचा जमिनीवर पडण्याचा आवाज एकाच वेळी येतो.

मुंबई येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जयश्री रामदास, एस. बर्वे व अरविंद कुमार यांनी १९९६ मध्ये गॅलिलिओच्या सापेक्षतेविषयी विद्यार्थ्यांच्या पर्यायी संकल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीच्या उत्तरामागेही एक विचारपद्धती असते, ही जाणीव अशा अभ्यासांतून दृढ होते.

निष्कर्ष :
विद्यार्थ्याची चूक ही बहुधा मानवी विचाराच्या इतिहासातील एक जुनी पायरी असते. ती ओलांडण्यासाठी पाठ केलेली व्याख्या अपुरी ठरते. आधी अंदाज, मग प्रयोग आणि शेवटी सूत्र, हा क्रम ग्रामीण महाविद्यालयांतही अल्प साधनांत शक्य आहे.