एका गावाचा आकडा का पुरत नाही?

‘डॉक्टर, आमच्या गावात यंदा एकही तान्हं बाळ दगावलं नाही,’ असं कुणी सांगितलं की बरं वाटतं. पण ‘म्हणजे आता धोका टळला’ हे त्यापुढचं वाक्य मी मान्य करत नाही. का, ते समजून घ्यायला आपल्या नांदगावहून गडचिरोलीला जाऊ या.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ मध्ये ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी सुरू केली. गावातल्याच स्त्रिया शिकून तयार झाल्या. बाळाला ऊब देणं, स्तनपानाला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं ही त्यांची कामं. तुलनेसाठी आणखी ४७ गावं निवडली होती. तिथे फक्त नेहमीच्याच आरोग्यसेवा होत्या.

एवढी गावं कशाला? हिशेब करून पाहा. आधी त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत. हजार वस्तीच्या गावात वर्षाला २५ जन्म धरले, तर सरासरी दीड मृत्यू. घडणाऱ्या घटना मात्र पूर्णांकात मोजाव्या लागतात. अशा विरळ घटनांसाठी फ्रेंच गणिती प्वासाँ यांचं सूत्र वापरतात. ते सांगतं, की धोका सगळीकडे अगदी सारखा असला, तरी पाचांतल्या एका गावात वर्षभर एकही मृत्यू होणार नाही, आणि पाचांतल्या एका गावात तीन किंवा जास्त होतील. पहिलं गाव पाठ थोपटून घेईल, दुसरं सुईणीला बोल लावेल. दोन्ही चुकीचं!

हजार जन्म एकत्र मोजले, की योगायोगाचा खेळ आटोपतो. मग ६२ चा आकडा नुसत्या योगायोगाने बहुधा ४६ ते ७८ च्या बाहेर जात नाही. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांतला दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. म्हणजे हा योगायोग नव्हता, आणि काळ बदलल्याचा परिणामही नव्हता. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ पासून ‘आशा’ताई देशभर अशा गृहभेटी देऊ लागल्या.

म्हणून ‘आमच्याकडे तर काही झालं नाही’ म्हणत आशाताईंना दारातून परत पाठवू नका. आणि कुणी औषधाचा गुण सांगू लागला, तर तीन प्रश्न विचारा: किती जणांत पाहिलं? किती काळ? आणि तुलना कुणाशी केली?